गॅस, रॉकेल की स्पिरिट: चोवीस फुटी बोटीवर चहा कशावर टाकायचा

पावसाळा संपत आला आणि बोटींवरच्या ताडपत्र्या निघायला लागल्या की दरवर्षी कुणीतरी नवा बोटवाला हाच प्रश्न घेऊन येतो, आत शेगडी कुठली बसवू? यंदा एका मित्राने बावीस फुटी जुनी शिडाची बोट घेतलीय, त्याला फोनवर तासभर सांगून झालं, दुसऱ्या दिवशी त्याने परत तेच विचारलं, म्हटलं आता लिहूनच काढतो. माझी बोट चोवीस फुटी, मुंबई हार्बरात मुरिंगवर, म्हणजे तळाशी कायमच्या पक्क्या केलेल्या साखळीला बांधलेली असते, आत सरळ उभं राहता येत नाही आणि गॅली म्हणजे आत उतरल्यावर डाव्या हाताला दीड बाय दोन फुटांचा ओटा. ह्या ओट्यावर मी पहिले चार सीझन रॉकेलचा पितळी स्टोव्ह वापरला, मग तीन सीझन गॅस, आणि आता स्पिरिटचं पाचवं वर्ष चालू आहे. फिरणं बहुतेक मांडवा, रेवदंडा, मुरूड, आणि सलग सुट्टी जमली तर जयगडपर्यंत. बोटीवर दोघं, क्वचित तिघं. तुमचं गणित वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येईल हे धरूनच वाचा.

इंडक्शनचं आधी उरकून टाकतो कारण हल्ली सगळे तेच विचारतात. हजार वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवायची म्हणजे नव्वद-शंभर अँपिअर ओढणार, वीस मिनिटांत तीसेक अँपिअर-अवर संपले. माझ्याकडे बॅटरी एकच, शंभरची, लेड-अ‍ॅसिड, आणि तिच्यातले निम्मेच वापरायचे असतात. म्हणजे खिचडी होईल पण रात्री अँकर लाइट, म्हणजे नांगर टाकल्यावर लावायचा दिवा, लागणार नाही. मोठी लिथियम बँक आणि छपरावर भरपूर सोलर असलेल्यांनी जरूर करावं, बावीस फुटीवर ते पॅनल लावणार कुठे?

आता रॉकेल. ह्याच्याबद्दल मी निःपक्षपाती नाही. आमच्या घरी गॅसचा नंबर लागेपर्यंत पितळी स्टोव्हच होता, सकाळी त्या घरघरीनेच जाग यायची, आणि पिन मारायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे बोट घेतली तेव्हा डोक्यात दुसरं काही आलंच नाही. स्टोव्ह माळ्यावर होताच, चिंच लावून घासला, नवीन वायसर टाकला आणि बोटीवर नेला. आणि खरं सांगायचं तर समुद्रावर ह्या वस्तूचा इतिहास फार मोठा आहे. १८९२ साली स्वीडनमध्ये हा बिनवातीचा, दाबाचा स्टोव्ह निघाला, प्रायमस नावाने, आणि १९१६ मध्ये शॅकल्टन अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरून साउथ जॉर्जियाला गेला तो साडेबावीस फुटी होडीतून, सुमारे आठशे मैल, सहा माणसं, आणि त्या होडीत गरम जेवण व्हायचं ते प्रायमसवरच. दोघं जण पायांच्या मध्ये स्टोव्ह घट्ट धरून बसायचे आणि वरचं भांडं सांडू नये म्हणून सांभाळत राहायचे. माझ्या मित्राची बोट जवळजवळ तेवढीच आहे, आणि त्याला मांडव्याला जायचंय.

रॉकेलची आंच एकदम जोरदार. लिटरभर रॉकेलात जेवढी उष्णता असते तेवढीसाठी स्पिरिट पावणेदोन लिटर लागतं, म्हणजे जागा कमी असेल तर रॉकेलसारखं इंधन नाही. साठवायलाही शांत, सांडलं तरी लगेच पेट घेत नाही, त्याची वाफ गॅससारखी तळाला जाऊन दबा धरून बसत नाही. स्टोव्हची देखभाल म्हणाल तर आपल्याकडच्या कुठल्याही पन्नाशीच्या माणसाला ती पाठ आहे. पंपाचा चामड्याचा वायसर सुकला की हवा भरत नाही, त्याला दोन थेंब खोबरेल तेल पाजायचं आणि बोटांनी जरा फाकवायचा. रॉकेल फडक्यातून गाळून घ्यायचं नाहीतर निपल चोंदतो. पिनांचं पाकीट कायम दोन, एक स्टोव्हजवळ आणि एक दुसरीकडे कुठेतरी, कारण बोटीवर हातातून पडलेली पिन परत सापडत नाही, ती थेट बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या खोलगट जागेत जाते. बर्नर काजळी धरून बसला की तो बदलायचाच, घासत बसू नये.

भानगड आहे ती पेटवण्याची. घरच्या ओट्यावर काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या मानेला अडकवायचा, पेटवायचा, बर्नर चांगला तापला की पंप मारायचा, ह्यात काही विशेष नाही. बोटीवर हेच सगळं डुलत चालतं. एकदा मांडव्याच्या बाहेर नांगर टाकून सकाळचा चहा करत होतो, काकडा पेटलेला, आणि गेटवेहून येणाऱ्या कॅटामरानची लाट आली. बोट आडवी डुलली, काकडा सुटून जमिनीवर, तिथे गोधडीचं टोक, मी अनवाणी. गोधडी वाचली, माझ्या अंगठ्याला फोड आला. दुसऱ्या वेळी बर्नर पुरता तापायच्या आतच घाईने पंप मारला आणि वाफेऐवजी कच्चं रॉकेल उडालं, हात-दीड हाताचा पिवळा भडका थेट छतापर्यंत. तो काळा डाग अजून आहे, दोनदा रंग दिला तरी पुसट दिसतोच. स्टोव्हचा भडका ह्या दोन शब्दांवर आपल्याकडे एकेकाळी पेपरात किती बातम्या यायच्या ते आठवलं की अंगावर काटा येतो, आणि घरातून निदान पळता तरी येतं.

वासाचं तर बोलायलाच नको. चमचाभर रॉकेल लॉकरमध्ये सांडलं तर तो सीझन संपला समजा, बिस्किटाला वास, उशीला वास, पाण्यालासुद्धा आहे असं वाटतं. हिला बोट लागते ती लाटांनी कमी आणि रॉकेलने जास्त, असं हिचं स्पष्ट मत होतं. त्यात रेशनचं निळं रॉकेल मिळेनासं झालं, पांढरं शोधत फिरायचं, मिळालं तर त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, आणि निपल चोंदायचं प्रमाण वाढलं. पण एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. रॉकेलचा स्टोव्ह पेटवायला स्पिरिटची बाटली न्यावीच लागते. म्हणजे दोन इंधनं, दोन बाटल्या, दोन गळत्या. स्पिरिट असं नाहीतरी बोटीवर असणारच आहे तर मग... पण तिथे जायच्या आधी मी गॅसकडे गेलो, सगळे जातात तसाच.

गॅसच्या बाजूने बोलायचं तर भरपूर आहे. लायटर मारला की पेटला, आंच पाहिजे तेवढी कमी-जास्त, लिटरभर पाणी पाच मिनिटांत उकळतं, काजळी नाही, चपाती नीट फुगते, आणि इंधन कुठेही मिळतं, ज्या गावात दुसरं काही मिळत नाही तिथेही पाच किलोचा सिलिंडर मिळतो. आपल्या कोळ्यांच्या ट्रॉलरवर बघा, भंडारी, म्हणजे स्वयंपाक करणारा खलाशी, गॅसवरच भात टाकतो. पण तो सिलिंडर कुठे असतो तेही बघा, बहुतेक ठिकाणी वर, डेकवर, उघड्यावर. गॅस गळला तर डेकवरून समुद्रात पडतो. आपल्या छोट्या बोटीवर तो ठेवायला अशी जागाच नसते. गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, गळला की पाण्यासारखा खाली जातो, आणि बोटीच्या तळाला मोरी नसते. घरात खिडकी उघडली की काम होतं, इथे तो बिल्जमध्ये साचून राहतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला तरी ठिणगीला पुरतो, आणि बिल्जमध्ये पंप आहे, पंपाला स्विच आहे.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणून मी नीट केलं असं मला तरी वाटतं. पाच किलोचा सिलिंडर मागच्या रेलिंगला बाहेरून बांधला, पाइप एकसलग, मध्ये कुठे जोड नाही, दोन्ही टोकांना चांगल्या स्टीलचे क्लिप. घरी सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायचा असतो, मी बोटीवर दोन वर्षांनी बदलायचो. दर महिन्याला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघायचो. शेगडी मात्र घरगुती घेतली ही चूक, स्टेनलेस म्हणून घेतलेली शेगडी एका सीझनमध्ये चहाच्या रंगाची झाली, आणि असल्या शेगडीत ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद व्हायची सोय बहुतेक नसतेच. हॅचमधून, म्हणजे छताच्या झडपेतून, वाऱ्याचा एक झोत आला की मंद आंचेवरची ज्योत गुपचूप विझते. तुम्ही मागे उघड्यावर कॉकपिटमध्ये टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरून बसलेले, आत आमटी गार होतेय आणि गॅस चालू.

आणि फेऱ्या. चहा करायचा तर मागे जाऊन रेग्युलेटर चालू करा, आत या, पेटवा, चहा झाला की परत मागे जाऊन बंद करा, आत या. एका चहाला चार फेऱ्या. भर पावसात नाही तरी भर उन्हात, आणि एकट्याने बोट चालवत असाल तर टिलर सोडून. पहिला महिना सगळे करतात. दुसऱ्या महिन्यात माणूस म्हणतो अर्ध्या तासाने परत लागणारच आहे, राहू दे.

पण गॅस मी सोडला तो ह्या कशामुळेच नाही. सोडला तो वासामुळे. गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, कळावं म्हणून, सडक्या अंड्यासारखा, नासक्या कोबीसारखा. गॅसची सगळी सुरक्षितता शेवटी तुमच्या नाकावर उभी आहे. आता आपल्या किनाऱ्यावर रात्रीचा आसरा कुठे घेतो आपण? खाडीत. धरमतर खाडी घ्या, कुंडलिका घ्या, राजपुरी घ्या, ओहोटी लागली की दोन्ही बाजूंचा चिखल उघडा पडतो, आणि त्या तिवरांच्या काळ्या चिखलाला वास कसला येतो? सडक्या अंड्याचा. अगदी तोच नाही म्हणा, दिवसाउजेडी फरक कळतो, पण रात्री दोन वाजता झोपेतून उठल्यावर नाकाला एवढं बारीक कळत नाही. करंज्याच्या आतल्या बाजूला नांगर टाकला होता त्या रात्री मी तीनदा उठलो. उठायचं, टॉर्च घेऊन मागे जायचं, रेग्युलेटर बंद आहे ना ते चाचपायचं, फळ्या उचलून बिल्जमध्ये डोकं घालून हुंगायचं, तिथे आपला नेहमीचा डिझेल आणि मिठाच्या पाण्याचा वास, पडायचं. परत ओहोटीची झुळूक आली की परत उठायचं. सकाळी हिने विचारलं, रात्रभर काय शोधत होतास?

ह्याच्यावर कडी झाली ती मुरूडहून परतताना. दोघं मित्र होतो. मुरूडला त्याने हौसेने सुकट आणि सोडे घेतले, चांगले किलोभर, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि मला न सांगता पुढच्या बर्थखाली टाकले. उंदेरीच्या आसपास आत गेलो तर वास. ह्या वेळी झोपेत नव्हतो, दुपारचे चार वाजले होते, आणि वास खालूनच येत होता. सिलिंडर बंद केला, इंजिनाला हात लावायचा नाही, कुठला स्विच दाबायचा नाही, सगळे हॅच उघडले, आणि मग पुस्तकात लिहिलेलं असतं तसं आम्ही दोघं बादलीने बिल्जमधला गॅस उपसायला लागलो. खरंच असंच करायचं असतं, जड असल्यामुळे तो बादलीत भरून बाहेर ओतता येतो. रिकामी बादली आत बुडवायची, सांभाळून वर आणायची, समुद्रात ओतायची. अर्धा तास चाललं हे. बाजूने एक होडी चालली होती, तांडेल बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "शेट, पानी नाय त्यात!"

पिशवी सापडल्यावर मित्र हसत सुटला, मी नाही हसलो. कारण मला तेव्हा कळलं की माझ्या बोटीवर ह्या वासाला काही अर्थच उरलेला नाही. उद्या खरंच गॅस गळला तर मी म्हणणार सुकट असेल, चिखल असेल, आणि कूस बदलणार. गॅस डिटेक्टर घे असं सगळे सांगतात आणि बरोबर सांगतात, मी घेतलाही. पण सेन्सर बसवायचा सगळ्यात खाली, म्हणजे बिल्जमध्येच, आणि तिथे तो भिजतो. पहिला दोन महिन्यांत गेला. दुसरा जरा वर लावला तर तो व्हार्निशच्या डब्याला, हिच्या सेंटला, कशालाही किंचाळायचा, शेवटी मीच त्याची वायर काढली. तुमच्याकडे चाळीस फुटी बोट असेल, सिलिंडरसाठी बाहेर निचरा होणारा वेगळा लॉकर असेल, आत बसून बंद करता येणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असेल तर ह्यातलं निम्मं बोलणं तुम्हाला लागू नाही आणि तुम्ही खुशाल गॅस घ्या, मीही घेतला असता. शिवाय आता फायबरचे, न गंजणारे, आत गॅस किती उरलाय ते बाहेरून दिसणारे सिलिंडरही आलेत, माझ्या वेळेला नव्हते, माझ्या लोखंडी सिलिंडरच्या बुडाने कॉकपिटवर गंजाचं जे कडं उमटवलंय ते अजून जात नाही.

ते डब्यासारखे छोटे कार्ट्रिज असतात, सव्वादोनशे ग्रॅमचे, सूटकेससारख्या शेगडीत बसणारे, ते बऱ्याच जणांना आवडतात. स्वस्त आहे, सुटसुटीत आहे, पण आतला गॅस तोच, तेवढाच जड, आणि पत्र्याचे डबे खाऱ्या हवेत कडेने गंजतात. वापर झाला की डबा शेगडीतून काढून बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, आणि शेगडीपेक्षा मोठा तवा कधी ठेवायचा नाही, खाली डबा तापतो. मी एक ठेवलाय, काशिदच्या वाळूवर बसून बांगडे भाजायला. बोटीच्या आत त्याला प्रवेश नाही.

आता स्पिरिट. ह्याच्याबद्दल जुनी माणसं नाक मुरडतात कारण त्यांनी दाबाचे स्पिरिट स्टोव्ह बघितलेत, पंप मारायचे, ते खरंच वाईट, रॉकेलचे सगळे दुर्गुण आणि वर भडकणारं इंधन. मी म्हणतोय ते बिनदाबाचे. एक स्टीलचा चपटा डबा, आत लोकरीसारखं भरलेलं काहीतरी, ते स्पिरिट शोषून घेतं, डबा उलटा केला तरी सांडत नाही, वर जाळी, जाळीवर आग. ज्योत कमी-जास्त करायला वर सरकणारं झाकण. बस. नळी नाही, व्हॉल्व्ह नाही, निपल नाही, पंप नाही. ओरिगो नावाचा स्वीडिश स्टोव्ह ह्यातला सगळ्यात प्रसिद्ध, आता तो बनवणं बंद झालंय, मला दोन बर्नरचा जुना मिळाला कोचीला एका परदेशी बोटवाल्याकडून, तो आपला गॅसवर चालला होता. त्याच धर्तीवरचे दुसरे मिळतात अजून, पण शोधावं लागतं. एका डब्यात सव्वा लिटर मावतं आणि दोघांचं शनिवार-रविवारचं साधारण लिटरभरात होतं, म्हणजे आमचं तरी होतं.

ह्याचे दुर्गुण लपवत नाही. हळू आहे. गॅसवर पाच मिनिटांत उकळणारं पाणी इथे दहा मिनिटं घेतं, वारा असला तर बारा. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण चहा टाकून नांगराची दोरी नीट गुंडाळून होते आणि तरी उकळी आलेली नसते. चपात्या विसरा, घरून न्या. दिवसा ज्योत दिसत नाही, अजिबात नाही, पेटलंय की विझलंय ते वर तळहात धरूनच कळतं, आणि हाच त्याचा खरा धोका आहे, विझला समजून गरम डब्यात स्पिरिट ओतणं. डबा पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचा नाही, आणि भरायचा तो कॉकपिटमध्ये, आत नाही. इतकं एक पाळलं तर बाकी त्याच्यात करण्यासारख्या चुका फार नाहीत. पेट घेतलाच तर पाण्याने विझतो, कारण स्पिरिट पाण्यात मिसळतं, फक्त ओंजळभर टाकू नका, पेटतं स्पिरिट तेवढ्या पाण्याबरोबर ओघळत जातं, चांगलं तपेलंभर टाका. जाड ओला टॉवेल त्याहून बरा.

स्पिरिट चांगलं मिळणं ही मात्र डोकेदुखी आहे. रंगाच्या दुकानात मिळतं, पण प्रत्येक लॉट वेगळा. पाणी जास्त असलं की डोळे चुरचुरतात आणि चहाला अजून पाच मिनिटं. मी आता थोडंसं बशीत जाळून बघतो, शेवटी बशीत पाणी उरलं की त्या दुकानात परत जात नाही. स्वस्त म्हणून थिनरवाल्याकडचं मिथेनॉल कुणी सुचवेल, ते आणू नका, त्याची वाफही विषारी असते आणि आपण खुराड्याएवढ्या केबिनमध्ये बसतो. केमिस्टकडचं आयसोप्रोपिल जळतं पण पिवळं आणि काजळीने, भांडी काळी. लॉकडाऊननंतर घरात पाच लिटर सॅनिटायझर पडून होतं म्हणून मी तेही जाळून बघितलं, त्यात ग्लिसरीन असतं, जाळीवर चिकट थर बसला तो काढायला अख्खी दुपार गेली. आणि कुठलंही इंधन असो, हॅच थोडा उघडा ठेवूनच पेटवायचं, बंद केबिनमध्ये कुठलीच आग बरी नाही.

त्या हळूपणावर आपल्याकडे उपाय आहे आणि तो परदेशी पुस्तकात सापडत नाही, कुकर. तीन लिटरचा छोटा कुकर. एकदा वाफ धरली की मंद आंच पुरते, आणि झाकण लॉक असल्यामुळे बोट कितीही डुलली, अगदी कुकर ओट्यावरून खाली आला तरी उकळता भात कुणाच्या पायावर सांडत नाही. शिडावर असताना मी आत फक्त कुकर आणि किटली चढवतो, उघडं भांडं नाही आणि तेलाची कढई तर नाहीच नाही. बाकी निघायच्या आधीच थर्मास भरून ठेवायचा. स्वयंपाक करताना गरमी कितीही होऊ दे, उघड्या पायाने हाफ पॅन्टवर करू नका, माझा अंगठा आठवा.

गिंबलचं एवढंच सांगतो की स्टोव्ह कुठलाही घ्या, तो झुलता पाहिजे, बोट एका अंगावर कलली तरी भांडं सपाट राहायला हवं. मी फॅब्रिकेटरकडून करून घेतला आणि पहिल्यांदा रिकामा असताना मस्त झुलायचा, वर भरलेला कुकर ठेवला की उलटाच व्हायला बघायचा, कारण वजन वर गेलं आणि बिजागऱ्या खाली राहिल्या. शेवटी जाळ्याला लावतात ते शिसं आणून दोन किलो खाली बांधलं. करून घेतानाच बिजागऱ्या वर घ्या म्हणजे हा उपद्व्याप वाचेल.

मित्राला शेवटी काय सांगितलं? त्याला बायको आणि दोन मुलं घेऊन पंधरा दिवस गोव्यापर्यंत जायचं असेल, रोज चार माणसांचं दोन वेळचं रांधायचं असेल तर स्पिरिटवर तो वैतागेल, त्याने गॅस घ्यावा, सिलिंडर बाहेर टांगावा आणि चार फेऱ्यांची सवय करावी. रॉकेल त्याने घेऊ नये, मला कितीही आवडत असलं तरी. पण त्याचं फिरणं माझ्यासारखंच शनिवार-रविवारचं असणार, आणि खाडीतच झोपणार, तेव्हा... मी तर आता ओहोटीला वास आला की चिखल म्हणतो आणि झोपतो. माझा डिटेक्टर त्याला हवा असेल तर फुकट देईन, वायर तेवढी जोडून घ्यावी लागेल.

घेतलाच स्पिरिटवाला तर त्याची देखभाल अशी फार नाही, पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. वापर नसेल तेव्हा डब्याच्या तोंडावर रबराची चकती दाबून ठेवायची, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात महिनाभरात डबा कोरडा, आणि केबिनमध्ये वाफ ती वेगळीच. मूळची चकती हरवली तर ट्रकच्या ट्यूबमधून कापून घ्या, मस्त बसते. आणि भरताना गच्च भरायचं नाही, तिरका धरून तोंडाशी ओल दिसली की थांबायचं, जास्तीचं ओतून टाकायचं आणि डबा पुसून मगच आत न्यायचा. मेच्या शेवटी बोट वर घेतली की मी डबे काढून घरी नेतो, स्टोव्हचा सांगाडा गोड्या पाण्याने धुतो, सरकत्या झाकणाच्या खिळींना मशीनचं तेल, आणि काडेपेट्या सगळ्या बरणीतून काढून टाकतो, पावसाळ्यानंतर त्यातली एकही पेटत नाही. लायटरचं तर नावच नको, खाऱ्या हवेत दुसऱ्या महिन्यात त्याची ठिणगी जाते.